इटलीच्या रस्त्यातला खड्डा

"भिंत पडली, मग तिच्या विटा कुठे गेल्या?" विमलाबाईंनी विचारलं.

समर्थने मान खाजवली. "बाई, भंगारवाला घेऊन गेला."

पोरं खो खो हसली. बाईही हसल्या, पण प्रश्न सोडला नाही. "एवढं मोठं भगदाड पाडलंस. तेवढा माल खाली पडलेला दिसायला हवा ना? भिंत हवेत विरघळत नाही. जितकं वरून गेलं तितकं खाली साचलं पाहिजे."

मग समर्थ निमूटपणे पुठ्ठ्याच्या इवल्याशा विटा कापत बसला.

विमलाबाई बोराडे चित्रकलेच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. नाशिक रोडला त्यांच्या कॉलनीचा तळमजल्यावर एक हॉल होता. तिथे त्या रविवारी सकाळी मुलांना हातकामाला बसवत. समर्थ, निकिता, दिशा आणि अमोल ही दिवाळीच्या किल्ल्यांवर हात बसलेली चौकडी. यंदा मात्र चौघांनी हट्टच धरला, किल्ला नको, युद्धातलं शहर करायचं. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत लढल्या हे बाईंनीच कधीतरी सांगितलं होतं, तेव्हा इटलीतल्या एका शहराचा रस्ता ठरला. शाळांच्या प्रदर्शनात तो मांडायचा होता.

पोरांना पहिल्याच दिवशी सगळं मोडून टाकायचं होतं. बाईंनी करू दिलं नाही. "आधी रस्ता नांदता करा," त्या म्हणाल्या, "मग मोडू." म्हणून निकिताने पावाचं दुकान केलं, फळीवर तिळाएवढे पाव मांडले. दिशाने दोन घरांच्या मध्ये दोरी बांधून तिच्यावर कपडे वाळत घातले. समर्थने दुकानामागे एक कुत्रं बसवलं आणि त्याला नाव काय द्यायचं यावरून अख्खी सकाळ घालवली. अमोलने खिडक्यांच्या कुंड्यांत कागदाची फुलं लावली. त्याच्या घरी झेंडूचा मळा होता, त्यामुळे फुलांच्या कामात त्याला कोणी शिकवायला जात नसे. मोडायची वेळ आली तेव्हा निकिताने दुकानाचं छप्पर डोळे मिटून तोडलं.

आता राहिला होता रस्त्याच्या मधोमध पडलेला खड्डा.

"खड्डा चमच्याने कोरायचा नाही," बाईंनी आदल्या रविवारी बजावलं होतं. "कोरलेला खड्डा कोरलेला दिसतो. वरून काहीतरी येतं आणि जमीन फाकते. ओल्या प्लास्टरमध्ये जड, निमुळतं काहीतरी नाक खाली करून बसवू, घट्ट झालं की काढून घेऊ. काय मिळतं ते घरून शोधून आणा."

समर्थने खलबत्त्यातला बत्ता आणला होता, दिशाने नारळ. अमोलने दप्तरातून गोणपाटात गुंडाळलेलं एक लोखंड काढलं. लहानशा दुधी भोपळ्याएवढं, एका टोकाला निमुळतं, दुसऱ्या टोकाला तुटलेलं. गंजून त्याचे पापुद्रे सुटले होते आणि खाचांमध्ये कुठे कुठे शेंदरी रंग अडकला होता.

"कुठलं रे हे?"

"मळ्यातलं, बाई. असंच पडलेलं."

बाईंनी ते हातात तोलून पाहिलं. जुन्या पंपाचा एखादा भाग असेल, असं त्यांना वाटलं. नाक मात्र अगदी मनासारखं होतं. त्यांनी त्याला गोडेतेलाचं बोट फिरवलं, म्हणजे प्लास्टर चिकटणार नाही. मग पीओपी कालवलं, लाकडी फळीवरच्या रस्त्यात मधोमध ओतलं आणि लोखंड नाक खाली करून त्यात उभं केलं. ते आपलं आपण उभं राहीना. एका बाजूला कलायला लागलं, म्हणून दिशाने ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. सगळ्यांत स्थिर हात तिचाच होता.

"हलवू नकोस हं. घट्ट झालं की समर्थ कडेने दोनदा हातोडी मारेल, मग सुटून येईल."

समर्थ लाकडी हातोडी घेऊन तयारच होता.

इतक्यात बाईंचा फोन वाजला. पांढरे झालेले हात पदराला पुसत त्या दाराशी गेल्या. नंबर ओळखीचा नव्हता.

"चित्राच्या बाई का?" पलीकडे म्हातारा, धापा टाकणारा आवाज. "मी अमोलचा आजा, बहिरू. पोरगा हाय का तिथं?"

"आहे की. छान काम करतोय. बोला ना, आजोबा."

"त्याच्यापाशी काय लोखंड हाय का? सूनबाई म्हनली, दप्तर लय जड होतं."

"आहे, आहे," बाई हसून म्हणाल्या. "फार उपयोगी पडलं तुमचं लोखंड."

मग म्हातारा म्हणाला, "बाई, त्यो माझा बांधावरचा म्हसोबा हाय."

बाईंना ओशाळल्यासारखं झालं. खाचांमधला शेंदूर आत्ता त्यांच्या ध्यानात आला. "अगंबाई, देव होता? अमोल काही बोलला नाही हो. मी स्वतः धुऊन, पुसून परत..."

"देव नाय ओ त्यो!" म्हातारा ओरडलाच. "देव मी केलाय त्याला. आमच्या वरच्या अंगाला तोफांच्या सरावाची रेंज हाय. ओढ्याला पूर आला का असलं वाहून येतं, फुटलेलं बी अन् न फुटलेलं बी. ह्यो फुटलेला नाय. नांगराला लागला तवाच कळलं मला. पोरांनी खेळू नये, कोनी लाथ मारू नये म्हनून शेंदूर फासला अन् बांधावर उभा केला. देवाला कोन हात लावतंय? बाई, आता कुठं हाय त्यो?"

बाईंनी वळून पाहिलं. समर्थ हातोडी हवेत फिरवून बॅटसारखा फटका मारत होता. दिशाच्या दोन हातांमध्ये लोखंड उभं होतं, नाक खाली.

"प्लास्टरमध्ये उभं आहे," त्या म्हणाल्या. आपला आवाज त्यांना परका वाटला.

"हलवू नका. पडू देऊ नका. नाकावर तर मुळीच आपटू नका. म्या निघालोच."

फोन बंद झाला. बाई क्षणभर दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. किंचाळावं, असं मनात आलं. किंचाळलं तर दिशा दचकेल. धावावं तर सगळीच धावतील, आणि ती फळी दोन बाकांवर नुसती टेकवलेली होती.

चाळीस पोरांचा वर्ग आवरताना वापरायच्या त्याच आवाजात बाई म्हणाल्या, "मुलांनो, एक गंमत करू या. तुम्ही तिघं बाहेर जा आणि लांबून, गुलमोहराखालून, आपला रस्ता खिडकीतून कसा दिसतो ते बघा."

कोणी हललं नाही.

"बाई, तुम्हीच म्हणता ना, काम जवळून बघायचं असतं," निकिता म्हणाली.

"आणि तिकडून तर नुसती पाण्याची टाकी दिसते," अमोल म्हणाला.

"झालं, झालं! सुकलं!" समर्थ पुढे सरकला. "बाई, मी एकच हळू मारतो."

"समर्थ, हातोडी खाली ठेव."

तो आवाज मुलांनी आजवर ऐकला नव्हता. समर्थने हातोडी खाली घेतली, पण सोडली नाही. "काय झालं बाई, साप निघाला का?" तो हसत हसत बाकांखाली वाकून बघू लागला. त्याचा खांदा फळीला लागला. फळी कुरकुरली.

दिशा मात्र हसत नव्हती. ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती. "बाई, काय झालंय? मी सोडू का?" आणि ते विचारताना तिचे हात थरथरायला लागले. लोखंड केसभर कललं.

तेव्हा बाईंना कळलं की आपण जे दडवतो आहोत तेच त्या हातांपर्यंत पोचलं आहे. पोरीला भीती कळली होती, कशाची ते तेवढं कळलं नव्हतं. त्या फळीपाशी गेल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "सगळे ऐका. मी गंमत म्हटलं ते खोटं होतं. हे लोखंड म्हणजे न फुटलेला बॉम्ब आहे. आत्ता अमोलच्या आजोबांचा फोन होता. तो हलला नाही, आपटला नाही, तर बहुतेक काही होणार नाही. म्हणून आता कोणी पळायचं नाही, ओरडायचं नाही. मी सांगते तेवढंच करायचं."

अमोल भिंतीकडे सरकला. "बाई, असले सगळ्यांकडे असतात. रिकामे असतात ते. आत्याच्या घरी तर त्यात अगरबत्त्या..."

"हे रिकामं नाही, अमोल."

समर्थने हातोडी जमिनीवर ठेवली, अशी की तिचा टक् असाही आवाज झाला नाही. महिनाभर त्याला जे शिकवून जमलं नव्हतं ते आत्ता एका वाक्यात जमलं होतं.

"निकिता, माझा फोन घे. बाहेर टाकीपलीकडे जा आणि एकशे बारा लाव. पत्ता नीट सांग. समर्थ, तू वरच्या मजल्यांवर जा, बेल वाजवून सगळ्यांना खाली, मागच्या फाटकातून बाहेर काढ. या हॉलच्या बाजूने कोणाला येऊ देऊ नकोस. चाला. पळू नका."

दोघं गेली. चालत गेली. दारापलीकडे गेल्यावर समर्थच्या पावलांचा वेग वाढलेला ऐकू आला, पण तोवर तो जिन्यात होता.

बाईंनी दिशाच्या हातांखाली आपले तळवे नेले. पोरीची बोटं गार पडली होती. "मी खालून धरते. मी म्हटलं की तुझा डावा हात काढ. नुसता डावा."

"तुम्ही धरलंय?"

"धरलंय. काढ."

दिशाने हात काढला. मग दुसरा, एकेक बोट सोडत. तिच्या बोटांचे ठसे गंजावर पांढरे उमटले होते. "आणि तुम्ही?" ती कुजबुजली.

"प्लास्टर घट्ट झालं की ते स्वतःच धरेल. मग मी येते. मला त्याची वेळ माहीत आहे, जन्मभर तेच केलंय. जा बाळा."

दिशा गेली. अमोल मात्र भिंतीला चिकटून उभा होता.

"मी आणलं," तो म्हणाला. तो एक पाऊल पुढे आला. "मी धरतो, बाई. तुम्ही जा."

"तू आणलंस, हे खरं. त्याबद्दल नंतर बोलू. पण आजोबा निघालेत. ते आले की सरळ आत शिरतील, कोणाचं ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील. त्यांना फाटकात धरून ठेवायचं काम तुझं. हे काम दुसऱ्या कोणाला जमणार नाही."

तो मागे बघत बघत गेला.

आता बाई एकट्या होत्या. प्लास्टर घट्ट होताना तापतं. हे त्या दरवर्षी मुलांना शिकवत, त्यांचे तळहात ओल्या प्लास्टरवर टेकवून म्हणत, बघा, ताप आल्यासारखं लागतं की नाही. आज तो ताप खालून लोखंडात चढत होता आणि त्यांच्या बोटांना कळत होता. जुन्या दारूला ऊब लागली तर काय होतं, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

हात दुखायला लागले तशा त्या गुडघ्यांवर टेकल्या. डोळे रस्त्याच्या पातळीवर आले. इतक्या खालून त्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता. दोन्ही बाजूंना फुटकी घरं, मध्ये विटांचे ढीग, वर दोरीवरचे कपडे. एवढ्याशा बाळाचं झबलंही दिशाने वाळत घातलं होतं. बाई नकळत त्या रस्त्यातून वाट शोधू लागल्या. डावीकडे भिंत पडलेली, उजवीकडे ढीग. तो ढीग मोठा कर म्हणून त्यांनीच समर्थच्या मागे लकडा लावला होता. रस्ता खरा दिसावा म्हणून.

बाहेरून निकिताचा आवाज येत होता, शब्द न् शब्द सुटा. "नाही काका, मी लहान आहे, पण खोटं बोलत नाहीये. पत्ता परत सांगू का?" वरच्या मजल्यावर बेल वाजत होत्या. समर्थ ओरडत होता, "गॅस नाही काकू, बॉम्ब! शिरा राहू दे, गॅस बंद करा आणि चला!"

बाईंनी एक अंगठा सोडवून प्लास्टरला नख लावलं. नख रुतलं. अजून नाही. खांद्यातून कळ निघाली. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला, तो पुसायला हात नव्हता. काचेच्या तावदानावर एक माशी आपटत होती. प्रत्येक वेळी बाईंचं अंग दचके आणि प्रत्येक वेळी त्या हातांना समजावत, तुम्ही नाही, तुम्ही नाही दचकायचं.

पुन्हा नख लावलं. या वेळी नुसती पांढरी रेघ उमटली.

त्यांनी एका हाताची पकड सैल केली, पण हात दूर नेला नाही. लोखंड उभं राहिलं. मग दुसरा हात. उभंच. बोटं अजून वाकडीच राहिली होती, सरळ होईनात. बाई उठल्या, चपला तिथेच ठेवून अनवाणी मागे मागे सरकत दारापर्यंत आल्या आणि उन्हात बाहेर पडल्या. टाकीपलीकडून दिशा धावत येऊ लागली, तिला त्यांनी लांबूनच हात करून थांबवलं आणि स्वतः चालत तिच्यापर्यंत गेल्या.

पोलीस आले. त्यांच्यामागून बॉम्बशोधक पथकाची गाडी आली. जाड पोशाखातला एक माणूस आत गेला, बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याने पथकाच्या साहेबांच्या कानात काही सांगितलं आणि वाळूची पोती उतरवायला सुरुवात झाली. मग त्यांनी प्लास्टरला हातही न लावता अख्खी फळीच उचलून आणली. घरं, दुकान, दोरीवरचे कपडे, सगळं.

"बाई, आपला रस्ता!" समर्थ म्हणाला.

"जाऊ दे," बाई म्हणाल्या.

साहेब त्यांच्यापाशी थांबले. "प्लास्टरने घट्ट धरून ठेवलाय, मॅडम. नाहीतर हलवायला अवघड होतं. पण नशिबावर असे प्रयोग करू नका. मुलांनाही सांगा."

"त्यांना सांगितलंय," बाई म्हणाल्या.

बहिरूआजोबा झेंडूच्या क्रेटांनी भरलेल्या पिकअपमधून कधीच येऊन पोचले होते. अमोलने त्यांना फाटकात अडवून धरलं होतं, दोन्ही हातांनी त्यांच्या सदऱ्याला लोंबकळून. म्हातारा नुसता हॉलकडे बघत उभा होता.

गाडी लांबच्या मोकळ्या रानात गेली. बराच वेळ काहीच झालं नाही. लोक कंटाळून बोलायला लागले, कोणी चहाचं विचारलं. आणि मग तो आवाज झाला. कानांआधी तो तळपायांना कळला. खिडक्यांची तावदानं वाजली, गुलमोहरावरचे सगळे कावळे एकदम उठले. महिनाभर तोंडाने धडाम धुडूम करत विटा रचणारा समर्थ बाईंच्या हाताला चिकटला.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "बाई, त्या इटलीतल्या रस्त्यावरच्या लोकांना कसं कळायचं, कुठे जायचं ते?"

"माहीत नाही रे," बाई म्हणाल्या.

तिकडे बहिरूआजोबा खाली बसले होते. अमोलला पुढ्यात उभं करून त्यांनी त्याचे दंड चाचपले, पोटऱ्या चाचपल्या, वासराच्या पायात काटा मोडला की नाही ते बघावं तसं. अमोल रडत नव्हता. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"आजोबा, तुम्ही मला म्हसोबा सांगितलात."

"तवा तू एवढुसा होतास."

"आता नाही ना! आता का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर गेला असतास बघायला. पोराची जात."

"नसतो गेलो," अमोल म्हणाला. "बॉम्ब आहे म्हणाला असतात तर नसतो गेलो. देव आहे म्हणालात म्हणून गेलो. देव काही करत नाही, असं वाटलं मला."

म्हाताऱ्याने मान वर करून बाईंकडे पाहिलं, आपल्या बाजूने काही बोलतील म्हणून. "आमच्यात असंच करत्यात ओ बाई. पोलिसात जावं तर रान बंद व्हायचं, चौकश्या व्हायच्या. शेंदूर फासला का कोन फिरकत नाय."

"मीही आज आधी खोटंच सांगून बघितलं, आजोबा," बाई म्हणाल्या. "खिडकीतून रस्ता बघा म्हटलं. एकही पोर जागचं हललं नाही. खरं सांगितलं तेव्हा कुठे हातोडी खाली ठेवली यांनी."

बहिरूआजोबांनी जमिनीवरची एक काडी उचलली, मोडली, परत उचलली. रानातून पथकाची गाडी परत येताना दिसू लागली होती. तिच्याकडे बघत ते हळूच म्हणाले, "अजून एक हाय."

"काय अजून एक?" बाईंनी विचारलं.

"खालच्या बांधावर. चिंचेखाली. मुंजोबा म्हनत्यात त्याला. गावातली पोरं तिथं पाया पडत्यात परीक्षेच्या टायमाला."

अमोल आजोबांकडे बघत राहिला. गाडी फाटकाशी आली, वळून रस्त्याला लागायच्या बेतात होती.

म्हातारा गुडघ्यांवर हात देऊन उठला. डोक्यावरची टोपी काढून त्याने ती हातात घेतली, परत घातली. "साहेब," त्याने हाक मारली. आवाज काही पोचला नाही. "ओ साहेब, थांबा जरा."

आणि तो गाडीकडे चालू लागला. अमोल पुढे धावला नाही. आजोबांचा हात धरून त्यांच्या चालीनेच चालला.